थांबायला शिकणारा घोडा

रविवारी सकाळी चिंचवड स्टेशनवर लोणावळा लोकलमध्ये चढलो, तेव्हा आमच्या पिशवीत भाकरीचा डबा, पाण्याची बाटली आणि किलोभर गाजरे होती. गाजरे आमच्यासाठी नव्हती. सोमाटण्याजवळ घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका तबेल्यात आमचा भाचा कामाला आहे. त्याचा निरोप होता, "मामा, येताना सोन्यासाठी गाजरं आणा." सोन्या हा घोडा. एकेकाळी शर्यतीत पळालेला आणि आता कुणाला पाठीवर नीट बसू न देणारा.

खरे सांगायचे तर आम्ही घोडा पाहायला निघालोच नव्हतो. भाच्याला परत घरी आणायला निघालो होतो.

भाचा आयटीआय झालेला फिटर. चाकणच्या एका कारखान्यात तो सहा वर्षे कंत्राटावर होता. रोज तीच मशीन, तोच पार्ट. पुढे ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने नवी पोरे घेतली आणि जुन्यांना गेटवरूनच परत पाठवले. दुसरीकडे काम मागायला जावे तर प्रश्न एकच, "आणखी कोणती मशीन येते?" आठ महिने पोरगा घरी बसला. मग ओळखीने या तबेल्यात लागला. हे ऐकून आमची आई, म्हणजे त्याची आजी, भडकली. म्हणाली, "बाबासाहेबांनी आपल्याला शेणामुतातून बाहेर काढलं, अन् शिकलेला नातू लीद उचलायला गेला!" आजीचा राग खोटा नाही. मेलेली ढोरे ओढायचे काम सोडताना आपल्या आजा-पणजांनी गावाचा बहिष्कार सोसला आहे. म्हणून घरात ठरले की, मामाने जावे आणि पोराला समजावून आणावे.

आकुर्डी गेली, देहूरोड आले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. गाडी थांबताच डब्यातल्या दोन-तीन बायाबापड्यांचे हात आपसूक जोडले गेले, आमचेही. पुढे बेगडेवाडी, मग घोरावाडी. धाकटीने पाटी वाचली आणि ओरडली, "घोडावाडी आली, उतरा!" सगळा डबा हसला. घोरावडेश्वराचा डोंगर दिसला. त्याच्या पोटात जुनी बौद्ध लेणी आहेत. कधीतरी सहकुटुंब जाऊन पाहावीत अशी.

तळेगावला उतरून रिक्षाने सोमाटणे फाटा गाठला आणि तेथून पायी पवनेच्या दिशेने निघालो. एका बाजूला गोदामे, पत्र्याच्या शेड, प्लॉटिंगचे फलक. दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को आली, बजाज आली, पुढे चाकणची वसाहत उभी राहिली. गावोगावचे आपले लोक भोंग्याच्या आवाजावर या पट्ट्यात जमा झाले. त्या पट्ट्याच्या कडेला घोड्यांचा तबेला असेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

तसा या मुलखाला घोडा परका नाही. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावच्या घाटांत बैलगाड्यापुढे घोडी पळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. पण सोन्याची जात निराळी. ही थरोब्रेड. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात अरबी-तुर्की घोडे आणून केवळ वेगासाठी वाढवलेली. पुण्याच्या रेसकोर्सवर साधारण जुलै ते ऑक्टोबर आणि मुंबईला महालक्ष्मीवर हिवाळा-उन्हाळ्यात जे घोडे पळतात, ते हेच.

भाचा फाटकाशीच उभा होता. जयभीम झाला. पोरगा वाळला होता, पण चेहरा उजळ होता. हात मात्र उजवाच पुढे येत होता. डावा खांदा तो जपून हलवत होता, हे त्याच्या मामीच्या नजरेतून सुटले नाही. विचारल्यावर कळले. दुसऱ्या महिन्यात सोन्याने पाडले आणि खांद्याचे हाड मोडले. घरी सांगितले नव्हते. दवाखान्याचा खर्चही स्वतःच केला होता. आम्हांला राग आला. म्हटले, "असल्या जनावरापायी जीव घालवणार आहेस?"

तो शांतपणे म्हणाला, "मामा, सोन्या द्वाड नाही. त्याला जे शिकवलं, तेच तो करतो."

मग त्याने आम्हांला तबेल्यात नेले. सोन्या तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका, उंच आणि सडपातळ. कान सारखे इकडून तिकडे. भाचा सांगू लागला. शर्यतीच्या घोड्याला दोन वर्षांचा होताच पळवतात. पाच-सहा वर्षांचा झाला, पायाला दुखापत झाली किंवा नुसता मागे पडू लागला, की त्याची शर्यत संपते. घोडा मात्र पंचवीस वर्षे जगतो. काही मोजके पैदाशीला जातात. पूर्वी काही निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तातील द्रवापासून औषधी सीरम तयार होई. घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला कुटुंबाने १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट काढली, तिचे मूळ यातच आहे. बाकीचे घोडे स्वारीच्या शाळांत जातात, नाहीतर हातोहाती विकले जाऊन वरातीला, टांग्याला लागतात. सोन्यालाही एका ठिकाणाहून "वाया गेलेला" म्हणून परत पाठवले होते.

वाया कसा गेला, तेही भाच्याने सांगितले. शर्यतीत लगाम ताणला की त्यावर जोर टाकून आणखी पळायचे, असे या घोड्याच्या अंगात मुरलेले असते. नवशिका माणूस भिऊन लगाम खेचतो. माणूस सांगत असतो 'थांब', घोड्याला ऐकू येते 'पळ'. जॉकी आखूड रिकिबीत उभा राहून पाठीवरचा भार उचलून धरतो. साधा स्वार मात्र खोगिरात बसतो आणि त्याचे पाय घोड्याच्या बरगड्यांना लागतात. ते ओझे आणि ते पाय या जनावराला ठाऊकच नसतात. जॉकीला तर घोडा चालत असतानाच वर चढवतात. म्हणजे स्वार चढेपर्यंत स्थिर उभे राहायचे असते, हेसुद्धा त्याला कुणी शिकवलेले नसते.

"मग शिकवता कसे?" आम्ही विचारले.

"आधी काहीच शिकवायचं नाही," भाचा म्हणाला. पहिले तीन महिने सोन्याच्या पाठीवर खोगीरच घातले नाही. डॉक्टरांनी दात पाहिले, पाठ पाहिली, नालबंदाने खूर पाहिले. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होते, म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे चरावे लागते. शर्यतीच्या तयारीत दाणा भरपूर आणि चारा कमी, म्हणून बहुतेक घोड्यांच्या पोटात जखमा होतात. पोट दुखणारे जनावर चावते, लाथ मारते, आणि आपण म्हणतो स्वभाव वाईट. सोन्याचा दाणा कमी केला, गवत आणि लसूणघास वाढवला. दिवसभर दुसऱ्या घोड्यांबरोबर मोकळे सोडले.

मग लांब दोरीवर गोल फिरवणे. आधी चाल, मग दुडकी, मग थांबणे. डावीकडून जेवढे, तेवढेच उजवीकडून. मग पाठीवर नुसते हाताचे ओझे, मग माणूस आडवा, मग माणूस बसलेला. बसायचे, घोडा क्षणभर उभा राहिला की उतरायचे, मानेवर थोपटायचे. कित्येक दिवस एवढाच धडा. पुढे कित्येक आठवडे फक्त चालणे. पायांचा हलका दाब द्यायचा आणि घोड्याने ऐकले की त्याच क्षणी सोडायचा. दाब सुटणे हेच त्याचे बक्षीस. चुकला की मारायचे नाही, एक पायरी मागे यायचे. घोडदळातून निवृत्त झालेले एक दफेदार तेथे शिक्षक आहेत. भाचा त्यांच्या हाताखाली शिकतो. लीद काढणे, खरारा करणे, चारा घालणे हे सगळे काम आहेच. पण सोन्याचा धडाही आता त्याच्याकडे आहे.

जगात याची रीतसर शाखा झाली आहे. ब्रिटनमध्ये २००० साली शर्यतीतून बाहेर पडलेल्या घोड्यांच्या पुनर्शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था निघाली. मुंबईला महालक्ष्मीवर १९४२ पासून असलेल्या अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्येही शर्यत सोडलेल्या घोड्यांना स्वारीचे वळण लावले जाते.

धडा आमच्यासमोरच झाला. भाच्याने टोपडे, म्हणजे स्वाराचे हेल्मेट, घट्ट बांधले. सोन्याला स्टुलापाशी आणले. घोडा थरथरला, एक पाऊल पुढे सरकला. भाच्याने रिकिबीतून पाय काढून घेतला, त्याला परत जागेवर आणले. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा सोन्या उभा राहिला आणि भाचा खोगिरात अलगद बसला. दोन फेऱ्या नीट झाल्या. तेवढ्यात शेजारच्या शेडवरचा निळा ताडपत्रीचा तुकडा वाऱ्याने फडफडला. सोन्याने मान वर टाकली, उडी घेतली. मामीने डोळे मिटले. भाच्याने लगाम खेचला नाही. तो खोगिरात जड बसला, तोंडाने सावकाश "हो... हो..." करत घोड्याला मोठ्या गोलात वळवत राहिला. गोल लहान झाला, दुडकीची चाल झाली, आणि सोन्या थांबला. भाच्याने लगाम ढिला सोडला. घोड्याने मान खाली घातली आणि मोठा श्वास सोडला. आमचाही श्वास तेव्हाच सुटला.

आम्ही भाच्याला न्यायला आलो होतो, ते शब्द तोंडातच राहिले.

आपण वंदनेत तथागतांना 'पुरिसदम्मसारथी' म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ त्या कुंपणापाशी उमगला. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या घोडे शिकवणाऱ्याची कथा आहे. भगवंतांनी त्याला विचारले, घोडे कसे शिकवतोस? तो म्हणाला, कधी मायेने, कधी कठोरपणे, कधी दोन्हींनी. आणि कशानेच शिकला नाही तर मारून टाकतो. मग त्याने विचारले, भगवंत माणसांना कसे वळण लावतात? उत्तर तेच आले. केसी चकित झाला, कारण तथागत तर हिंसा करत नाहीत. तेव्हा भगवंतांनी उलगडून सांगितले की, एखाद्याला शिकवण्यालायकच न समजणे, त्याला सांगणे-बोलणे सोडून देणे, हाच त्याचा वध.

वाचकहो, 'वाया गेलेला' हा शब्द आपणही किती सहज वापरतो! सहा वर्षे एकच पार्ट करायला लावून मग "तुला दुसरे काय येते?" असे विचारणारी व्यवस्था आपल्या पोरांना वाया गेलेली ठरवते. आणि घरात आपणही आठ महिन्यांत तेच म्हणू लागतो. भाच्याला कुणी तसे म्हटले असेल, तर त्यात आम्हीही होतो.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यायला हवे. ढोरे ओढण्याचे काम आपल्यावर जातीने लादले होते. त्यात शिकणे नव्हते, मान नव्हता, नाही म्हणण्याची सोय नव्हती. येथे भाच्याने काम स्वतः निवडले आहे आणि तो हुनर शिकतो आहे. शिवाय घोड्यावर कोणी बसायचे, हाही आपल्या देशात साधा प्रश्न नाही. वरातीत घोड्यावर बसला म्हणून दलित नवरदेवाला खाली उतरवल्याच्या बातम्या राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून अजूनही येतात. आमचा पोरगा तर घोड्याला माणूस बसवून घ्यायला शिकवतो आहे.

पण नुसत्या कौतुकाने पोट भरत नाही. आम्ही तबेल्याच्या मालकांना भेटलो. पडल्यावर खर्च कोणाचा, विमा का नाही, पगाराची पावती का नाही, हे सरळ विचारले. विमा महिनाभरात काढतो आणि दवाखान्याचे पैसे परत देतो, असे ते म्हणाले. ते आम्ही कागदावर लिहून घेतले. भाच्याशीही ठरले. एक वर्ष हे काम, दफेदारांकडून रीतसर शिकणे, आणि फिटरचे कागदपत्र जपून ठेवणे. महिनाभरात विमा निघाला नाही, तर आम्ही पुन्हा सोमाटण्याला जाणार आहोत.

निघताना धाकटीने सोन्यापुढे तळहातावर गाजर धरले. भाच्याने शिकवले, बोटे सरळ ठेव, घाबरून हात मागे घेऊ नकोस. सोन्याने ओठांनी अलगद गाजर उचलले.

रात्री घरी आलो. आजी दारातच बसली होती. "आणला का त्याला?" तिने विचारले. आम्ही काही बोलण्याआधी धाकटीच म्हणाली, "नाही आजी. त्याचा घोडा आत्ता कुठे थांबायला शिकलाय."

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मला घेऊन चला. बघते."