तिसऱ्या गावचा साक्षीदार

मुंबईची प्रायमरी खरोखर मेली आहे की फक्त तिच्याशी बोलणं तुटलंय, हे लांबच्या स्टँडबायला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. डेटाबेस सांभाळताना माझं डोकं सगळ्यात जास्त या एका गोष्टीभोवती फिरत राहिलं. रेप्लिकेशन उभं करणं, लॅगवर लक्ष ठेवणं ही रोजची कामं झाली. अडतं ते इथे. मधली लाइन गेली आणि दोन्हीकडची मशीनं धडधाकट असली, तर दोघींनाही वाटतं की दुसरी गेली. स्टँडबाय स्वतःला प्रमोट करते, इकडे जुनी प्रायमरी लिहीतच राहते, आणि एकाच खात्याच्या दोन शिलका तयार होतात. त्या पुन्हा एक करणारी कमांड कुठेही नाही. पीजी-रिवाइंड आहे, पण तो एका बाजूचं लिखाण सरळ टाकून देतो. टाकलेल्यात कुणाचे पैसे होते, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

म्हणून दोनच साइट असतील तर निर्णय माणसानेच घ्यावा, असं मी कायम म्हणत आलो. तो माणूस म्हणजे मी. रात्री फोन वाजायचा, सगळे कॉलवर ताटकळलेले असायचे, आणि मी ‘घ्या प्रमोट करून’ म्हणेपर्यंत कुणी कीबोर्डला हात लावत नसे. ते थांबणं मला फार आवडायचं. सणासुदीला घराबाहेर पडता येत नाही म्हणून मी कुरकुरायचो, पण तो फोन दुसऱ्याकडे द्यायची वेळ आली की माझ्याकडे कारण तयार असायचं.

यंदा तो फोन माझ्याकडून गेला. माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलीकडे गेला, आणि तिने पहिल्याच महिन्यात सगळी मांडणी बदलायला घेतली.

मी नेहमीचा दाखला दिला. २१ ऑक्टोबर २०१८ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबची लाइन ४३ सेकंद तुटली. प्रायमरी निवडणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरने पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला प्रायमरी केलं, आणि सेवा रुळावर यायला २४ तास ११ मिनिटं लागली. म्हटलं, बघ, यंत्रावर सोडलं की असं होतं. ती म्हणाली, “सर, यंत्राने मतं बरोबरच मोजली होती. बहुमत खरंच होतं. चुकलं ते इतकंच की जिच्याकडे शेवटचं लिखाण पोचलेलंच नव्हतं, तिलाही प्रमोट होण्याची मुभा होती.” गिटहबचा तो अहवाल मी कितीदा वाचला असेन, पण माझ्या मताला पुरेल एवढाच त्यातून घेत आलो होतो.

तिची मांडणी अशी: मुंबई प्रायमरी, पुण्यात सिंक्रोनस स्टँडबाय. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटर केबलमागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. पुणे कमिटला परवडतं, हैदराबाद परवडत नाही. म्हणून हैदराबादला असिंक्रोनस प्रत, तिच्यावर ‘नोफेलओव्हर’चा टॅग, आणि मतं सांभाळणाऱ्या एट्सीडीचं तिसरं मतही तिथेच. मुंबईला बहुमतापर्यंत पोचता आलं नाही, तर फेलओव्हर सांभाळणारा पॅट्रोनी तिला स्वतःहून खाली उतरवतो. ‘ती मेली का’ हा प्रश्नच उरत नाही. जिवंत असली तरी तिला लिहिता येत नाही, आणि तेवढं पुण्याला पुरतं.

हे आधीही शक्य होतं. पण आमच्या धंद्यात डीआर, म्हणजे आपत्तीतून सावरण्याची तयारी, हा ऑडिटरला दाखवायचा कागद होऊन बसला आहे. शनिवारी रात्री, दोन्ही साइट ठणठणीत असताना, आधी मेल टाकून, प्रायमरी हळुवार बंद करून जो स्विचओव्हर करतात त्याला ड्रिल म्हणतात. त्यातून खऱ्या फेलओव्हरबद्दल काहीच कळत नाही. काहींची डीआर साइट तर खाडीपलीकडे ऐरोलीला असते. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई, तिन्हीकडची वीज एकदमच गेली होती, हे इतक्यात विसरलं गेलं. आणि ‘दोन्ही साइटवर एकाच वेळी लिहा’ म्हणून ॲक्टिव्ह-ॲक्टिव्ह विकणारे मला सर्वांत धोकादायक वाटतात. एकच ओळ दोन गावांत एकाच क्षणी बदलली तर कोणती खरी, हे ते ज्याच्या गळ्यात मारतात तो ॲप्लिकेशन लिहिणारा बिचारा मीटिंगला हजरही नसतो.

मुंबई आणि पुणं दोन्ही एकदम गेली तर मात्र हैदराबादकडे तीनांतलं एकच मत उरतं. तिथे माणूस लागणारच. रनबुकमध्ये त्या जागी माझा नंबर असायचा. तिने तिथे व्यवसायप्रमुखांचं पद लिहिलं आहे, कारण किती गमवायचं हा त्यांचा निर्णय. मला ते लागलं. मी विचारलं, ते पहिला प्रश्न विचारतील, ‘किती गेलं?’ ते सांगणार कोण? शेवटपर्यंत काय लिहिलं गेलं हे मुंबई-पुण्यालाच ठाऊक, आणि तीच तर गेलेली. तिच्याकडे उत्तर होतं. पॅट्रोनी दर दहा सेकंदांनी प्रायमरीची वॉल पोझिशन, म्हणजे लिखाण कुठवर आलं त्याची खूण, एट्सीडीत नोंदवतो. बहुमत नसलं तरी हैदराबादच्या एट्सीडीतून ती वाचता येते. तिथल्या स्टँडबायला मिळालेली पोझिशन तिच्यातून वजा केली की किती बाइट गेले ते कळतं. शेवटच्या नोंदीनंतरचे दहा सेकंद तेवढे अंधारात राहतात. त्या दहा सेकंदांवर आमचा वाद अजून चालू आहे. ते पाचावर आणू या, असं मी म्हणतोय. लाइन जराशी अडखळली तरी मुंबई उगाच खाली उतरायला लागेल, असं ती म्हणते.