कुंडीची माती

आम्ही काळ्या मातीच्या मुलखात जन्मलो, तीतच वाढलो, आणि यवतमाळात चौतीस वर्षे मुलांस ‘कृष्णमृत्तिका’ या सामासिक शब्दाचा विग्रह शिकवला. परंतु घरात ठेवावयाच्या नऊ इंचांच्या कुंडीत कोणती माती घालावी, हे आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तेही आपल्या सूनबाईकडून, शिकावे लागले. ही हकीकत सांगण्यात आमचा थोडा कमीपणा आहे. तथापि ज्या घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द मोडण्याची चाल अद्याप पडलेली नाही, तेथील वाचकांस ती उपयोगी पडेल असे वाटल्यावरून लिहीत आहो.

२०२३ सालच्या आषाढात आमच्या वहिनी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यथास्थित झाली, पण उठून चालणे काही येईना. दादा पूर्वीच निवर्तलेले. मागल्या अंगाच्या उत्तरेकडील खोलीत वहिनींची खाट टाकली होती. खोलीत उजेड पुष्कळ, परंतु ऊन नाही. आणि खिडकीसमोर शेजाऱ्यांची चुना लावलेली भिंत. ज्या बाईचा सारा जन्म शेत पाहण्यात गेला, तिच्या दृष्टीस ती भिंत किती सहन व्हावी? एके दिवशी त्या म्हणाल्या, “भाऊजी, भिंत बघून डोळे शिणले हो. खिडकीत काही हिरवं आणून ठेवा ना.”

आम्ही त्याच दिवशी रोपवाटिकेतून अरेका पाम नावाचे शोभेचे झाड आणले. पिशवीत त्याच्या मुळांभोवती तांबूस, भुसभुशीत असे काही होते. तो कचरा समजून आम्ही झाडून टाकला. बाभुळगाव रस्त्यावरील आपल्या शेतातून घमेलेभर काळी माती मुद्दाम आणवली. ज्या मातीने तीन पिढ्यांचा कापूस पोसला, ती एका शोभेच्या झाडास पुरणार नाही काय? पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी दोन बोटे ठिकऱ्यांचा थर दिला आणि वर माती दाबून भरली. सूनबाई दारात उभी होती. “मामंजी, ही माती जरा...” एवढे म्हणून ती आत गेली. तिचा तो विनय आम्हांस त्या वेळी फार आवडला.

श्रावण सरला तसतशी पाने पिवळी पडू लागली. पिवळे पान दिसले की वहिनी बोट करून दाखवीत. पुढे पुढे दाखवीनाशा झाल्या. दसऱ्यास झाड उपटून पाहिले, तो मुळे काळी पडून सडलेली व त्यांस नासका वास. आम्ही कुंडी उचलू लागलो तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “त्याचं नि माझं दुखणं एकच, भाऊजी. मूळच धरत नाही.”

हे वाक्य आमच्या मनास फार लागले. कार्तिकात आम्ही दुसरे झाड आणले; मात्र माती तीच. दोष पाण्याचा आहे असा आमचा निष्कर्ष, म्हणून या खेपेस पाणी बेताने घालू लागलो. थंडी बरी गेली. चैत्रापासून मात्र पानांची टोके करपू लागली. कुंडीस तांब्याभर पाणी घालावे तो क्षणात खालच्या ताटलीत उतरे. आम्हांस वाटे, झाडाची तहान भागली. वैशाखात तेही गेले. व्यायाम शिकविण्यास येणाऱ्या बाईस वहिनींनी त्याच आठवड्यात सांगितले की, उद्यापासून येऊ नका.

त्या रात्री आम्ही सूनबाईस बोलावून विचारले, “त्या दिवशी दारात तू काय सांगणार होतीस?”

सूनबाई विज्ञानाची पदवीधर. तिने उत्तर दिले नाही. स्वयंपाकघरातून भांडी घासण्याचा नवा स्पंज पाण्याने भरून आणला व आडवा धरला. थोडे पाणी ठिबकून थांबले. मग तिने तोच स्पंज उभा केला, तो आणखी पाणी गळू लागले. “शेतात माती हातभर, दोन हात खोल असते, मामंजी. वरचं पाणी खालची माती ओढून घेते. कुंडीत खाली ओढणारं कोणीच नसतं. तळची तीन-चार बोटं माती भिजलेलीच राहते, आणि मुळं नेमकी तिथंच असतात.” आणि ठिकऱ्या? बारीक मातीतील पाणी जाड खड्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. थराच्या वरच अडून राहते. म्हणजे ठिकऱ्यांनी चिखल कमी झाला नाही, तो दोन बोटे वर मात्र चढला. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पालथी घातली की पुरे.

वैशाखातील मरणाचे कारण निराळे. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तीत फुगणाऱ्या जातीची चिकणमाती फार. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. कुंडीत हीच माती आकसून कडेपासून सुटली होती. पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत जाई व गड्डा आतून ठणठणीत कोरडा राही. सूनबाईने त्यातला एक पांढरा खडा काढून वर लिंबू पिळले, तो बुडबुडे आले. ती चुनखडी. अशा मातीत लोह असूनही कित्येक झाडांच्या मुळांस ते घेता येत नाही आणि कोवळ्या पानांवर केवडा पडतो. अमरकोशात उत्तम मातीस ‘मृत्सा’ व ‘मृत्स्ना’ असे दोन शब्द दिले आहेत. दोन्ही आम्हांस लहानपणापासून पाठ. माती हातात घेऊन पाहण्याचे मात्र कधी सुचले नाही.

खरे सांगावयाचे तर वराहमिहिरानेही आम्हांस सावध केले होते. सहाव्या शतकातील बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचे प्रकरण आहे. त्यात सर्व वृक्षांस मृदु भूमी हितकर सांगितली असून, तेथे आधी तीळ पेरून ते फुलावर आले की तुडवून जमिनीत गाडावे, असा विधी दिला आहे. आजचे शेतकीतज्ज्ञ यासच हिरवळीचे खत म्हणतील. हा भाग आम्ही पूर्वी वाचला होता; पण वाचताना आमचे सारे लक्ष वृत्ताकडे!

इकडे साहेबाच्या देशातही हा घोळ होताच. प्रत्येक माळ्याची मिसळ निराळी आणि ज्याची त्याची गुप्त. १९३० नंतरच्या दशकात लंडनजवळील मर्टन येथे जॉन इन्स संस्थेत लॉरेन्स व न्यूएल यांनी पुष्कळ प्रयोग करून एक प्रमाण ठरविले : सात भाग पोयटा, तीन भाग पीट, दोन भाग जाड वाळू, आणि वर थोडे खत. पोयटा आधी वाफेने तापवून त्यातील रोगबीजे मारावयाची. पीट म्हणजे थंड प्रदेशातील दलदलीत हजारो वर्षे साचलेले कुजके शेवाळ. ते आपल्याकडे नाही, आणि त्याकरिता दलदली खणणे आता तिकडेही निंद्य ठरू लागले आहे. आपणांस नारळाच्या सोडणाचा भुसा आहे. कोकोपीट या नावाने त्याच्या विटा मिळतात. आम्ही कचरा म्हणून झाडून टाकला होता तो हाच!

२०२४ च्या ज्येष्ठात, मृगापूर्वीचे ऊन होते तोवर, अंगणात मिसळ केली. बरडावरची तांबूस हलकी माती चाळून चार दिवस उन्हात पसरली. कोकोपीटमध्ये खारटपणा असतो, म्हणून ते दोनदा भिजवून पिळून घेतले. शेणखत दोन वर्षांचे जुने, मातीसारखा वास येणारे. (ताज्या शेणाचा मोह धरू नये, हुमणी घरात येते व मुळेही जळतात.) बांधकामातून उरलेली जाड वाळू धुऊन घेतली व तीत विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे मिसळले. दोन घमेली माती, एक कोकोपीट, एक खत, एक वाळू-विटा, आणि ओंजळभर निंबोळी पेंड. सागाच्या रानातील पालाकूज आणण्याची एका शेजाऱ्याने सूचना केली होती. राखीव जंगलातून ती उचलणे हा गुन्हा आहे हे, अभ्यासात कच्च्या मुलास सांगावे तसे, आम्ही त्यांस सांगितले.

मिसळ मुठीत दाबून पाहिली : गोळा वळावा, पण बोटाने टोचताच फुटावा. कुंडीत भरून तांब्याभर पाणी ओतले. सूनबाईने वीस अंक मोजले नाहीत तोच तळातून धार लागली, आणि माती कडेस चिकटलेलीच राहिली.

झाड लावण्यापूर्वी आम्ही घमेले वहिनींच्या खाटेजवळ नेले. त्यांनी हात घातला, बोटांत मिसळ चुरली आणि विचारले, “यात आपल्या शेतातली नाही?” आम्ही निरुत्तर झालो. सूनबाई म्हणाली, “मूठभर घातली तर चालते, काकू. खत धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरत नाही.” मग मूठभर काळी माती वहिनींनी आपल्या हाताने मिसळली.

दिवाळीपर्यंत तीन नवी पाने आली. व्यायामाच्या बाई पुन्हा येऊ लागल्या त्या या पानांमुळेच, असे आम्ही म्हणणार नाही. सूनबाईची रोजची विनवणीही त्यात होती. आता वहिनी वॉकर धरून सकाळी खिडकीपर्यंत जातात, दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसतात व त्या दिवसाचा निर्णय देतात. परवा आम्ही सवयीने तांब्या घेऊन गेलो, तो खाटेवरूनच आवाज आला, “ठेवा तो खाली, भाऊजी. अजून ओली आहे.”