छापील रंगाचे पाठभेद

महाभारताच्या ज्या चिकित्सक आवृत्तीने भारतीय पाठचिकित्सेला शास्त्राची शिस्त दिली, तिच्या शीर्षकपृष्ठावर संपादकाबरोबर एका चित्रकाराचेही नाव आहे, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. हा चित्रकार म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). १९१८ मध्ये त्यांनी या कार्यासाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला एक लाख रुपये देऊ केले आणि चित्रेही स्वतः काढली. ती प्राचीन नमुन्यांवरून काढल्याचे शीर्षकपृष्ठच सांगते. रविवर्म्याच्या अनेक पौराणिक नायिका नऊवारीत वावरतात. बाळासाहेबांनी वेशभूषेसाठी जुन्या शिल्पांचा आधार शोधला. विष्णु सीताराम सुकथनकर ज्या वृत्तीने पोथ्यांच्या परंपरेत मागे मागे जात होते, तीच वृत्ती इथे कुंचल्याच्या वाटेने जात होती, असे म्हणता येईल.

पण १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वात ‘च’ऐवजी ‘तु’ एवढाही पाठभेद तळटीपेत नोंदला जातो, आणि त्याच ग्रंथातले चित्र मूळ फलकावरून ठशावर व ठशावरून कागदावर येताना काय गमावते, काय मिळवते, याची नोंद करण्याची कोणतीच रीत नाही. संहितेला अनेक प्रती असतात, चित्राला मात्र एकच रूप असते, हे त्यामागचे गृहीतक आहे. ते तपासण्यासारखे आहे.

बाळासाहेबांचे ‘चित्र रामायण’ १९१६ मध्ये मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमधून निघाले. त्या सुमारास पुस्तकांतील रंगीत चित्रांसाठी तीनरंगी ठशांची पद्धत रूढ होत होती. रंगीत काचांतून चित्राची तीन छायाचित्रे घ्यायची, जाळीच्या काचेने त्यांचे ठिपके पाडायचे आणि पिवळा, तांबडा व निळा ठसा एकावर एक छापायचा. ठसा केसभर सरकला की ओठांचा रंग गालावर उतरतो. सावलीतले गडद रंग एकमेकांत मिसळून मातकट होतात. यांत यंत्रच सर्व काही करते, हाही समज खरा नाही. ठसे करणारा कारागीर आम्लाने तांब्याचा पत्रा पुनःपुन्हा कोरून रंग आपल्या अंदाजाने सुधारत असे. रविवर्मा छापखान्यातील शिळाछापात तर प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा हाताने रेखली जाई. तेथला लिपिकार उघड दिसतो. ठिपक्यांच्या पद्धतीत तो लपतो एवढेच.

यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय विरते, हे वॉल्टर बेन्यामिनचे १९३६ मधील प्रतिपादन मराठी समीक्षेला परिचित आहे. कोरेगाव-औंधकडच्या देवघरांत ते पुरते लागू पडत नाही. तेथे छापील लक्ष्मीला हळदकुंकू लागते, आणि ती प्रत आहे म्हणून कोणी हात आखडता घेत नाही. भाविकाला देवता हवी असते, कुंचला नव्हे. त्याची फसगत होत नाही. फसगत होते ती छापील पानावरून कुंचल्याविषयी बोलणाऱ्या समीक्षकाची. (छटांचे मार्दव वाखाणणारी किती परीक्षणे मूळ चित्र न पाहता लिहिली गेली, हा प्रश्न सभ्यपणे विचारता येत नाही.)

कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर स्थानकावर उतरून औंधचे १९३८ चे संग्रहालय गाठणाऱ्या अभ्यासकाने आधी पुस्तक पाहिलेले असेल, तर मूळ चित्र त्याला बहुधा अनोळखी वाटते. आकार निराळा, लाल रंग निराळा. पुस्तक चुकले, असा निर्णय तो लगेच देतो. मात्र तैलरंगावरचे रोगणही काळाने पिवळे पडते. आजचे मूळ हे चित्रकाराच्या हातून उतरले तेव्हाचे मूळ नव्हे. चांगल्या स्थितीत राहिलेली एखादी छापील प्रत त्या पहिल्या दिवसाविषयी काही सांगत असेल, तर तिची साक्ष नाकारता येणार नाही.

अजिंठ्याच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सचे दोन छापील खंड १८९६–९७ मध्ये आले, आणि मधल्या काळात लेण्यांतल्या भिंतींवरचा रंगही झडत राहिला. त्या भिंतींचा अभ्यास करणाऱ्याला आता या पानांशी ताडून पाहावे लागते.