शून्य घातांकाचे उत्तर

आठवीत असताना घातांकांचे नियम आम्ही प्रार्थनांसारखे पाठ केले होते. पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज करावी, भागाकारात वजाबाकी करावी. पाया शून्य नसेल व घातांक शून्य असेल, तर किंमत १. हे शेवटचे कलम मात्र मनात सलत राहिले. २ ही संख्या तीनदा घेऊन गुणली की ८ येतात. एकदाही घेतली नाही, तर १ कोठून येणार? धीर करून विचारले, तेव्हा ‘नियम आहे, पाठ कर’ एवढेच उत्तर मिळाले. पुन्हा आम्ही विचारले नाही.

चाळीस वर्षांनी आमच्या धर्मग्रामातील सायंकाळच्या अभ्यासवर्गात एका मुलीने नेमका हाच प्रश्न केला आणि आमच्या तोंडून निघाले, ‘बाळ, तो नियमच आहे.’ तिने मुकाट्याने वही मिटली. त्या रात्री आम्हांला झोप लागेना.

चर्चच्या इतिहासात भेटलेला मिखाएल स्टिफेल आठवला. ऑगस्टिनियन मठातला हा संन्यासी पुढे ल्यूथरचा अनुयायी झाला. १५४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दोन ओळी मांडल्या : खाली १, २, ४, ८, १६, ३२ आणि त्यांच्यावर ०, १, २, ३, ४, ५. खाली ४ व ८ यांचा गुणाकार ३२. वर २ व ३ यांची बेरीज ५, आणि ३२ च्या डोक्यावर ५ च आहे! आता उलट चालावे. ८, ४, २ : दर पावलाला संख्या निम्मी होते, घातांक एकाने उतरतो. २ चे निम्मे १. त्याच्या डोक्यावर शून्य.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला आम्ही म्हणालो, ‘काल आमचे चुकले.’ मग ८ ला ८ ने भागायला सांगितले. ‘उत्तर १,’ ती म्हणाली, ‘आणि घातांक ३ वजा ३, शून्य!’ क्षणभर थांबून तिने विचारले, ‘फादर, पाया शून्य का नको?’

‘शून्याने भागता येते का?’

‘नाही,’ म्हणत ती हसली.

रविवारच्या धर्मशिक्षणात कोणी ‘का?’ म्हणून हात वर केला, की ती मिटलेली वही आता आम्हांला आठवते.