पाचवीचा अख्खा वर्ग

रायगड जिल्ह्यात तालुके 15 आणि निजामपूरच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या जागा 80. या जागा तालुक्यांना सारख्या वाटून दिलेल्या नसतात, तरी भाग घालून बघावा. तालुक्याला पाच येतात, वर पाच उरतात. एकट्या कर्जत तालुक्यात गावं किती, वाड्या किती, आणि त्यांतून पाचवीची मुलं किती! याच तालुक्यातल्या आमच्या कोंडाण्याच्या मुलांना नवोदयसाठी तयार करायला बसताना हा भागाकार आधी मांडावा, असं मला वाटतं. आपण शिकवतोय त्यांतली जवळजवळ सगळी मुलं तिथे जाणार नाहीत, हे मग मनाला पटतं. जी जाणार नाहीत, त्यांच्या पदरात या तयारीतून काय पडेल, हा खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

गावात मात्र विचारतात ते वेगळंच. ‘यंदा किती लागतील?’ शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोच वर्गातली दोन-तीन हुशार मुलं बाजूला काढली जातात. सरावाची पुस्तकं त्यांच्यासाठी येतात, जादा तास त्यांचेच होतात, आणि उरलेला वर्ग फळ्यावरचं उतरवून घेतो. सरकारची निवड परीक्षा थंडीत होते. आपली पावसाळ्यातच उरकलेली असते.

1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नवोदयचा विचार आला तो खेड्यातल्या मुलासाठी. देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. आजही निदान 75 टक्के जागा ग्रामीण भागाच्या असतात. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं मोफत. भाताच्या दोन खाचरांवर घर चालवणाऱ्या आईबापाला याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मी या परीक्षेला नावं ठेवणार नाही. पण तिचा स्वभाव ओळखून घ्यायला हवा.

दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यांतले 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, 20 अंकगणिताचे, 20 भाषेचे. अंकगणिताला अर्धा तास, म्हणजे एका उदाहरणाला दीड मिनिट. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे ‘येत नसलं तरी एक गोल रंगवून ये’ असं सांगितलं जातं. गोल रंगवायचा बॉलपेननं, आणि एकदा रंगवला की बदलायचा नाही. वर्षभर आपण मुलाला म्हणतो, चुकलं तर खोड आणि पुन्हा मांड. मग आयुष्यात एकदाच देता येणाऱ्या परीक्षेला त्याला खोडता न येणारी शाई घेऊन बसवतो. गणित शिकण्याची रीत आणि गणितात पास होण्याची रीत इथे वेगळ्या होतात. दोन्ही शिकवाव्या लागतात, पण कोणती कशासाठी आहे हे मुलाला माहीत असलं पाहिजे. गोल रंगवण्याचा सराव शेवटच्या दोन महिन्यांत होतो. त्याआधीचे महिने वहीतल्या खाडाखोडीचे.

वेग, वेळ, अंतर शिकवताना मी मुंबई ते कर्जत हे 100 किलोमीटर अंतर घेतो. ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडीला किती वेळ लागेल? एक तास चाळीस मिनिटं. पुढे तीच गाडी त्याच वेगानं पुण्याकडे नेली, तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “सर, गाडी कर्जतला थांबते ना? मागं इंजिन लावतात. मग घाटात तोच वेग कसा राहील?” तिचं बरोबर होतं. बोरघाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिनाचा जोर लावावा लागतो. दीड मिनिटाच्या हिशेबात असा प्रश्न महागात पडतो. म्हणून काय त्याला गप्प करायचं? त्या दिवशी सगळ्या वर्गानं सरासरी वेग शिकून घेतला, तोही पुस्तकातलं प्रकरण यायच्या आधी. प्रश्न काढणारी मुलगी ‘काढलेल्या’ हुशार मुलांत नव्हती.

बुद्धिमत्तेच्या भागातल्या आरशातल्या प्रतिमा आणि अपुऱ्या आकृत्या शिकवायला तर आमच्याकडे कोंडाण्याची लेणीच आहेत. चैत्यगृहाचे बरेच खांब मोडलेत. उरलेल्यांवरून मुलं मोडलेल्यांच्या जागा सांगतात, कमानीची डावी बाजू बघून उजवी काढतात. तिथल्या ब्राह्मी लेखात काम करणाऱ्यानं आपलं नाव कोरलंय: कण्हाचा शिष्य बलक. शिष्यानं दगडात गुरूचं नाव पुढे ठेवलं, ते त्याला शोभतं. आज निकालानंतरच्या फ्लेक्सवर क्लासचं नाव मोठं आणि मुलाचा फोटो लहान असतो. तिथे स्वतःचं नाव पुढे ठेवणारा शिकवणारा असतो.

सगळ्यात अवघड भाग पुस्तकाबाहेरचा आहे. फॉर्म भरतात पावसाळ्यात, लावणी-बेणणीच्या दिवसांत. तेव्हा कातकरी वाडीतली मुलं वर्गात असतात. दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर जातात, मुलंही जातात. परीक्षेचं प्रवेशपत्र येतं तेव्हा ज्याच्या नावाचं ते आहे तो पोर कुठल्या तरी भट्टीवर कच्च्या विटा उलटवत असतो. अनुसूचित जमातींना जागा राखीव आहेत. पण जागा राखीव असून भागत नाही, मूल गावात राहावं लागतं. त्याला आजीपाशी ठेवायचं, की शाळेनं हंगामी वसतिगृहाची सोय बघायची, हे ठरवणं हाही गणिताच्या तयारीचाच भाग आहे. ते दिवाळीच्या आधी ठरलं नाही, तर दशांश अपूर्णांक कितीही छान शिकवून उपयोग नाही.

पालक विचारतात, अख्ख्या वर्गाला घेऊन बसलात तर आमच्या हुशार पोराचं नुकसान नाही का? माझा अनुभव तसा नाही. शेजाऱ्याला लसावि समजावून सांगताना त्या पोराचा स्वतःचा लसावि पक्का होतो. आपल्याला नुसतं उत्तर येत होतं, कारण येत नव्हतं, हे त्याला तेव्हाच कळतं.

निकाल लागला की एखादं मूल निजामपूरला जाईल, कधी एकही जाणार नाही. बाकीची सहावीत बसतील आणि तिथे शेकडेवारी, नफातोटा, क्षेत्रफळ पुन्हा समोर येईल. तेव्हा त्यांनी ‘हे आम्हाला येतं’ म्हणून हात वर केले, तर तयारी नीट झाली असं मी धरीन. माझ्या कामाचे गुण मी तिथे मोजतो.