ऋण

१ फेब्रुवारी २०१९, शुक्रवार. पुण्यात पहिल्या नोकरीत मी नुकताच रुळत होतो. मीटिंग संपवून बाहेर आलो तर आईचे तीन मिस्ड कॉल. मी फोन केला नाही. आधी लॅपटॉपवर भूकंपाचा आकडा शोधला आणि मेसेज टाकला : '४.१. शास्त्राच्या भाषेत हा हलका भूकंप आहे. घाबरू नका.' आईचं उत्तर आलं नाही. त्याच दिवशी आमच्या डहाणू तालुक्यात धक्क्याच्या भीतीने पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. हे मला बातमीतून कळलं.

नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हलत होती. एकदा हादरून शांत झाली असती तर लोक सावरले असते. इथे रोज वाट बघायची. कधी नुसताच जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज. डहाणू-तलासरीत प्रशासनाने तंबू दिले, माणसं थंडीत उघड्यावर झोपू लागली. कोसबाडला आमच्या अंगणात एक जुनी ताडपत्री बांधली होती. खाली आजी, आई आणि दोन शेळ्या. मी गेलो तो तीन आठवड्यांनी.

आजी लहानपणी मिशनच्या वसतिगृहात वाढली. तिचा बाप मात्र लाल बावट्याचा माणूस. १९४५ साली झरीला किसान सभेची परिषद भरली तेव्हा तो चालत गेला होता, असं ती सांगायची. आमच्या एकाच भिंतीवर क्रूस आणि विळा-हातोड्याचं कॅलेंडर शेजारी असतात, याचं घरात कुणाला काही वाटत नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडायला त्याच्याकडेच वर्षानुवर्षं राबायचं, बायकोसकट, अशा माणसाला आमच्याकडे लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सगळं आहे. मी ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला वाचलं. तोवर आजीचा बाप लग्नगडी होता हे मला नुसतं ऐकून माहीत होतं.

त्या रात्री ताडपत्रीखाली आजीने प्रभूची प्रार्थना सुरू केली. बायबल सोसायटीच्या मराठी बायबलात, मत्तयच्या सहाव्या अध्यायात, क्षमेच्या जागी 'ऋण' हा शब्द आहे. आमचं ऋण सोड, जसं आम्ही दुसऱ्यांचं सोडलं, असा त्याचा आशय. आजी तिथे थांबली. मला वाटलं विसरली. बऱ्याच वेळाने पुढचं म्हणाली.

दुसऱ्या रात्रीही तसंच. मी विचारलं.

"त्या घराचं नाव येतं तोंडात," ती म्हणाली. "माझ्या बापाला ज्यांनी राबवलं त्यांचं. ते सोडल्याशिवाय पुढं कसं म्हणायचं? वेळ लागतो."

"अजून? सत्तर वर्षांनी?"

"रोज."

मी ऐकलेल्या बहुतेक प्रवचनांत क्षमा म्हणजे मनाचा मोठेपणा असतो. संकटकाळी तर हमखास शेहेचाळिसावं स्तोत्र वाचतात, भूमी ढळली तरी भिणार नाही अशा अर्थाचं. आजीला ते आवडायचं, पण भीती वाटायचीच. ती चप्पल घालूनच झोपायची. तिच्या लेखी क्षमा हा हिशेब होता. कर्ज खरं होतं, ते कुणी आपणहून सोडलं नव्हतं, बावटा धरून सोडवून घ्यावं लागलं होतं. आणि आता धनको ती होती.

मग माझी पाळी आली. तीन आठवडे मनात घोळवलेलं मी अंधारातच बोललो. फोन उचलला नाही, आकडा पाठवला, आलो नाही. माफ कर म्हणालो. मी तिच्याकडून एखाद्या वचनाची, निदान डोक्यावरून हात फिरवण्याची अपेक्षा करत होतो.

"आईला सांग. फोन तिनं केला होता," आजी म्हणाली. थोड्या वेळाने, "आणि पुढच्या खेपेला ताडपत्री आण. ही फाटलीय."

पहाटे तीनच्या सुमाराला जमीन हलली. शेळ्या आधी उठल्या. आजीने माझं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने आईचं. तिघांनी प्रार्थना म्हटली. ऋणापाशी आजी थांबली, मीही थांबलो, आणि आईही. आई तिथे का थांबली हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

ताडपत्री मी आणली, पण तोवर मे उजाडला होता. लोक घरात झोपायला लागले होते. आजीने ती उलगडून शिवण तपासली, किंमत विचारली, आणि पावसाळ्याआधी पेंढ्यावर घालून टाकली.