पोटापुरतं

पोटाची मोठी मौज आहे. हात, पाय, डोळे ही मंडळी आपापली कामं मुकाट्यानं करतात. पोट मात्र दिवसातून चार वेळा हजेरी मागतं. आपल्या भाषेत तर सारा संसारच त्याच्या आधारानं उभा आहे. माणूस पोटासाठी परगावी जातो, दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो आणि लेकराला पोटचा गोळा म्हणतो. अशा ह्या पोटातल्या जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कापून काढावा, असं डॉक्टरांनी सुचवलं, तेव्हा आमच्या घरात एखादी वाईट बातमी यावी तशी शांतता पसरली.

मी नागपूरचा. एवढं सांगितलं म्हणजे माझ्या वजनाचं निम्मं स्पष्टीकरण झालं. सकाळी तर्री-पोहे, दुपारी कुणाकडे गेलं तर सांबारवडी, कधी सावजीकडचा झणझणीत रस्सा, लग्नाच्या पंगतीत गोळाभात आणि त्यावर कढत फोडणीचं तेल, निघताना हातावर संत्र्याची बर्फी. पाहुणा 'पुरे' म्हणाला की आमच्याकडे यजमानाला ते 'आणखी थोडं' असं ऐकू येतं. उरलेल्या निम्म्याचा हिशेब वाडवडिलांकडून आलेल्या ठेवणीत आणि तीस वर्षांच्या बैठ्या नोकरीत आहे. त्रेपन्नाव्या वर्षी माझी उंची १७० सेंटिमीटर आणि वजन १२४ किलो होतं. साखर गोळ्यांना जुमानत नव्हती, गुडघे जिन्याला जुमानत नव्हते.

पण खरी भीती रात्रीची होती. झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो, हे मला तपासणीच्या यंत्रानं सांगितलं. सौभाग्यवतीला ते सहा वर्षांपासून ठाऊक होतं. घोरणं थांबलं की ती जागी व्हायची, मनाशी आकडे मोजायची आणि दहापर्यंत श्वास आला नाही, तर मला कोपरानं ढोसायची. दिवसा मी खुर्चीत डुलक्या घेई आणि ती ओट्याशी. निर्णय झाला तो ह्या आकड्यांमुळे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अर्थातच सल्ले दिले. नागपूरकरांजवळ ह्या बाबतीत एक हुकमी दाखला असतो: आमचे नितीन गडकरी. २०११ साली, भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असताना, त्यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती. "त्यांना जमलं, मग तुले काहून नाही जमणार बाप्पा?" हा एक पक्ष. दुसरा पक्ष आमच्या आईचा. "खाणं कमी कर, चालत जा, झालं! पोट कापून कुणी बारीक होतं का?" ह्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते लांबलचक आहे.

ह्या शस्त्रक्रियेला आडवाट समजतात, ती समजूत तयारीच्या दोन महिन्यांत माझ्यापुरती पार निघून गेली. जठराचा उरलेला भाग केळ्यासारखा निमुळता राहतो. पूर्वी ही मोठ्या शस्त्रक्रियेची नुसती पहिली पायरी होती. पण तेवढ्यानंच पुष्कळांचं वजन इतकं उतरलं की तीच पुरेशी ठरली. जागा कमी होते हे खरंच, शिवाय भुकेची वर्दी मेंदूकडे धाडणारं घ्रेलिन नावाचं द्रव्य जिथं मुख्यतः तयार होतं, तो भागही जातो. आईच्या 'खाणं कमी कर' ह्यातली अडचण नेमकी ही होती. आहार कमी केला की शरीर त्याला दुष्काळ समजतं आणि भूक वाढवतं.

तयारी म्हणजे काय? रक्ताच्या तपासण्या, जठरात दुर्बीण घालून पाहणं, मानसोपचारतज्ज्ञांशी तासभर गप्पा. तीन रंगीत चेंडूंचं एक खेळणं मिळालं. नळीतून श्वास ओढून ते वर उचलायचे, म्हणजे फुप्फुसं तयार होतात. पहिल्या दिवशी माझा एकच चेंडू हलला. रात्री नाकावर हवेचा मुखवटा. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका गृहस्थांना खर्रा सोडायला सांगितलं होतं. त्यांचा चेहरा पाहून मला माझं दुःख हलकं वाटलं. शेवटचे पंधरा दिवस प्रथिनांची पूड, ताक आणि पालकाचं पाणी. हे जठरासाठी नसून यकृतासाठी, हे ऐकून मी चकित झालो. चरबीनं फुगलेलं यकृत जठरावर पडून राहतं. ते आकसलं तर शल्यवैद्याला बाजूला सारता येतं. आजवर देवासाठी उपास पुष्कळ केले होते, यकृतासाठी हा पहिलाच.

आणि चालणं. ते नंतर करायचं असा माझा समज होता, पण डॉक्टर म्हणाले, "आधी सुरू करा." सेमिनरी हिल्सच्या सपाट रस्त्यावर पहिल्या दिवशी दहा मिनिटं चाललो आणि बाकावर बसलो. बाकानंही उसासा टाकला.

शस्त्रक्रिया दीड तासात आटोपली. तिच्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, कारण मी झोपलो होतो. संध्याकाळी मात्र परिचारिकेनं उठवून चालायला लावलं. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे आणि दर दोन तासांनी फेरी. पुढं दोन आठवडे पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. सहा आठवडे पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचं नाही. घरात पाण्याची बादली माझ्यासाठी पूजनीय वस्तू झाली.

वैशाख आला आणि मग कसोटी लागली. नागपूरचा उन्हाळा ज्यानं अनुभवला आहे, त्याला माठातल्या वाळ्याच्या पाण्याचं मोल सांगायला नको. पारा पंचेचाळिसावर, जीभ टाळूला चिकटलेली, अशा वेळी तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पिणं हे सुख ह्या जठरात मावत नाही. घोट घोट प्यायचं, जेवताना तर मुळीच नाही. दोन घोट अधिक झाले की छातीत गोळा दाटतो. म्हणून मी पहाटे पाचला चालायला निघे. हातात बाटली, दर पाच मिनिटांनी एक घोट. अंबाझरीच्या काठी एक ओळखीचे गृहस्थ रोज विचारीत, "औषध घेऊन राहिले का भाऊ?" मी हो म्हणत असे.

चार महिन्यांत वजन पंचवीस किलोंनी उतरलं. काटा पाहून मी खूश होतो, डॉक्टर तितकेसे नव्हते. "ह्यात चरबी किती आणि स्नायू किती?" त्यांनी मला एका लेखाची हकीगत सांगितली. २००४ साली पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण चरबी साहेबांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांच्या अंगात २१.२ टक्के! बिचारा काटा हे कुठून सांगणार? भराभर उतरणारं वजन स्नायूही खाऊन जातं. म्हणून प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम, दोन्ही हवेत.

व्यायाम मला नवा नव्हता. लहानपणी मी महालातल्या एका आखाड्यात जात असे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी खेळ दाखवून आला, ही गोष्ट आमचे वस्ताद अशी सांगत, की आम्हां पोरांना बर्लिन हे बडनेऱ्याच्या पुढचं स्टेशन वाटे. तेव्हा मी शंभर बैठका मारीत असे. आता खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, असे दहा वेळा. मग अर्धा लिटर पाण्याच्या दोन बाटल्या डंबेल म्हणून. तीन महिन्यांनी भिंतीला हात टेकून जोर. पहिला सूर्यनमस्कार सहाव्या महिन्यात झाला आणि त्यानंतर मी पाच मिनिटं जमिनीवरच पडून राहिलो, पण हसत. त्या महिन्यांत केसही मूठमूठ गळले. ते परत आले, पूर्वीपेक्षा जरा पांढरे.

घरातली गोष्ट अवघड होती. तीस वर्षं सौभाग्यवतीनं बोलण्याऐवजी वाढलं. रुसवा गेला की शिरा, लेकीचा निकाल लागला की पुरणपोळी. आता मी अर्ध्या पोळीवर हात धुतो, तेव्हा तिचा हात वाढणीसह तसाच थांबतो. एकदा ती म्हणाली, "अहो, आता मी काय करू?" ह्याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं इतवारीतून लहान वाट्या आणल्या, बाळाला भरवतात तेवढ्या, दोघांसाठी. रात्रीचं घोरणं गेलं, त्याचाही तिला त्रासच झाला. शांततेनं जाग यायची आणि कित्येक रात्री तिनं माझ्या नाकाशी बोटं धरून पाहिली.

आज वजन ८९ किलो आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभराच्या. साखरेची एक गोळी अजून आहे. ह्या दिवाळीत माझ्या वाट्याला एक चकली आणि अर्धी करंजी, तीही सावकाश चावून. आईनं फराळाचं ताट भरून पुढं केलं, मग स्वतःच त्यातलं काढून घेतलं.

सौभाग्यवती आता माझ्याबरोबर फुटाळ्याला येते. तिचे गुडघे दुखतात. अर्ध्या वाटेत ती कठड्याशी थांबते, मीही थांबतो आणि बाटली तिच्यापुढं करतो. ती मात्र घटाघटा पिते.